शिवकन्येच्या सायकलीचं माप

"हलू नको," बन्सीधर म्हणाला. "पाय जवळ घे. पाठ भिंतीला टेकव."

शिवकन्या भिंतीला पाठ लावून अनवाणी उभी होती. शिलाईचं दुकान म्हणजे त्यांच्या घराचीच रस्त्याकडची खोली. शटर अर्ध्यावर ओढलेलं, कारण आतला प्रकार ताडकळसच्या लोकांना दाखवण्यासारखा नव्हता. तिने ओढणी कमरेला गुंडाळली होती आणि शर्टाच्या कापडांच्या नमुन्यांचं एक जाड पुस्तक दोन्ही पायांच्या मधे, वर जाईल तितकं वर, दाबून धरलं होतं. तिला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती. मशीनला टेकवून ठेवलेल्या मोबाइलमधून सविता, त्यांची एकुलती एक लेक, पुण्याहून हुकूम सोडत होती.

"आई, पुस्तक घट्ट वर घे. सीटवर बसल्यासारखं वाटलं पाहिजे. बाबा, त्याची वरची कड भिंतीवर जिथं येते तिथं खूण करा आणि तिथून जमिनीपर्यंत मोजा. उंचीपण घ्या. दोन्ही मापं लागतात."

"अगं माय, सायकल घ्यायलीस का इमान?" शिवकन्या म्हणाली.

"सायकलच. पण तुझ्या मापाची. आजवर कधी मिळालीय का तुला मापाची?"

नव्हतीच मिळाली. शिवकन्या गावची आशाताई. बाळंतिणी, लसीची लेकरं, बीपीच्या गोळ्या घेणारी म्हातारी माणसं, यांच्यासाठी गावभर आणि गावाबाहेरच्या आखाड्यांवर फिरायचं. आखाडे म्हणजे शेतात बांधलेली घरं. तिथवर कुठली यष्टी जाते! स्कूटीची तिला भीती. म्हणून ती सविताची शाळेतली सायकल चालवायची. ती सायकल नववीतल्या पोरीसाठी घेतलेली आणि चालवणारी ही पुरुषाला मान वर करून बघायला लावणारी बाई. गुडघे हँडलला लागू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना फाकवून ती पायडल मारायची तेव्हा शेजारची कुसुमबाई ओरडायची, "आशाताई, बेडूक निगाला का आखाड्यावर?" शिवकन्याही हसायची. पण रात्री गुडघ्यांना तेल चोळताना हसू येत नसे. डॉक्टरांनी सांगितलं, सायकल सोडा नाहीतर धड मापाची घ्या. सविताने ते ऐकलं आणि हट्टालाच पेटली. हायब्रिड घेऊ म्हणाली. ही डांबरावर पळते आणि खडीवरही चालते, पुण्यात ती स्वतः तसलीच वापरत होती. फक्त फ्रेम उंचीप्रमाणे निवडावी लागते.

"हलू नको म्हणलं ना. त्याच उभ्यात दोन्ही मापं घेतो," बन्सीधर म्हणाला आणि लाकडी पट्टी तिच्या डोक्यावर ठेवायला त्याने हात वर केला.

हात पोचला, पण पट्टी सपाट बसेना. बन्सीधर टाचा उचलून उभा राहिला. त्याच्या मानेवरची शीर ताठ झालेली तिला अगदी जवळून दिसली. आणि मग नेहमीचं झालं. तिच्या मनात काही येण्याआधीच तिचे गुडघे सैल पडले, पाठ भिंतीवरून चार-पाच बोटं खाली घसरली, खांदे आत आले. पट्टी सपाट बसली. सलवार ढगळ होती, त्यानेच शिवलेली. आतले गुडघे वाकलेत की सरळ आहेत हे कुणाच्या बापाला कळलं नसतं. मोबाइलच्या चौकटीत तर तिचे पाय मावतच नव्हते.

त्याने पेन्सिलने भिंतीवर वर एक आणि खाली एक खूण केली, गळ्यातली टेप काढून मोजलं आणि आकडे सांगितले.

"एवढीच?" सविता म्हणाली. "मला वाटलं आई जास्त भरेल."

"माझं माप हाय ते," बन्सीधर म्हणाला.

मग विषयच मिटला. बन्सीधर मास्तरचं माप चुकत नाही, ही ताडकळसमध्ये वादाची गोष्ट नव्हती. आता लोक शिवून घेत नाहीत, तयार घेतात, हे खरं. त्याच्याकडे येतं ते पँट कमी कर, चेन बदल, साडीला फॉल लाव असलंच काम. पण ज्याला त्याने एकदा टेप लावली त्याचं कापड उसवायला परत आलं नाही, एवढ्या एका गोष्टीवर तो माणूस ताठ मानेने जगत होता. मान ताठ आणि उंची बेताची. शिवकन्येच्या खांद्याला लागेल एवढी.

ते कुणापासून लपलेलं नव्हतं. लग्नातच त्याचा बोभाटा झाला होता. अंतरपाटाच्या पलीकडे नवऱ्याच्या पायाखाली दोन पाट ठेवून वर चादर टाकली होती, आणि तरीही नवरी उंचच दिसत होती. तेव्हा सासू, कमलबाई, तिच्या कानाशी येऊन बोलली, "बाई, जराक गुडघ्यात वाक. माझ्या लेकराला लोक हसायलेत." सूर दरडावणीचा नव्हता, अगदी विनवणीचा होता, आणि म्हणूनच तो शिवकन्येच्या काळजाला लागला. मंगलाष्टकं संपेपर्यंत ती शालूच्या आत गुडघे वाकवून उभी राहिली. मांड्या थरथरत होत्या. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, पाट उचलले गेले. तिचं वाकणं मात्र राहिलं ते राहिलंच.

पुढे ते अंगवळणी पडलं. फोटो काढताना ती बसायची. रस्त्याने दोघं चालली की तो डांबरावरून आणि ती आपोआप खालच्या, मातीच्या बाजूने. कमलबाई गेली त्यालाही आता किती वर्षं झाली, सांगणारं कुणी उरलं नाही, पण शरीर ऐकतच राहिलं. यात आपल्यावर अन्याय झाला असं शिवकन्येला कधी वाटलं नाही. माणूस लाखातला होता. सविता दरवर्षी ताडासारखी वाढायची तेव्हा हाच बाप तिच्या सलवारीला आत चांगला हातभर दाब ठेवायचा आणि सहा महिन्यांनी तो उसवताना गिऱ्हाइकांना सांगायचा, "मायवर गेलीय पोरगी!" पोरीला त्याने कधी वाकू दिलं नाही. मग अशा माणसापुढे आपण चार बोटं खाली आलो तर काय बिघडलं? शिवकन्येचा हिशेब असा सरळ होता.

आठ-दहा दिवसांनी परभणीहून नागसेनचा फोन आला. स्टेशनकडच्या रस्त्यावर त्याचं सायकलींचं दुकान. सविताने त्याच्याशी बोलून सगळं ठरवलं होतं. सायकल आली होती. दोघं सकाळच्या जीपने गेली.

सायकल दिसायला देखणी होती. मोरपंखी रंग, बारीक पण खाचेदार टायर, साडी-ओढणीला अडचण नको म्हणून मधली नळी खाली उतरती. शिवकन्येने घंटी वाजवून पाहिली आणि उगाच लाजली. मग ती सीटवर बसली, पाय पायडलवर ठेवले, आणि नागसेनच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ताई, एक मिनिट. पायडल फिरवा बरं."

तिने फिरवलं. गुडघा वर आला आणि हँडलला ठक्कन लागला.

"सीट वर करू," नागसेन म्हणाला. त्याने सीट वर केली, आणखी वर केली, दांडीवरच्या शेवटच्या खुणेपर्यंत आणली. आता पाय नीट सरळ होऊ लागले, पण हँडल पोटाशी आलं आणि ती टपरीवर चहा पिणाऱ्या माणसासारखी पुढे कुबड काढून बसलेली दिसू लागली.

"न्हाई जमायचं," नागसेन मान हलवत म्हणाला. "लोकायला वाटतं सीट वर केली की झालं. सीट वर केल्यानं फ्रेम मोठी व्हत न्हाई, ताई. पायाचं भागतं, पाठीचं कसं भागंल? ही तुमच्यापेक्षा बरीच लहान हाय. सविताताईनं जी मापं सांगितली त्याच्यावरून तर हीच बसाया पायजे. माप घेतलं कुणी?"

"मी," बन्सीधर म्हणाला. "टेलर हाव मी."

दुकानात सायकलच्या ट्यूबा घ्यायला आलेला एक गिऱ्हाईक उभा होता. तो फिदीफिदी हसला. "मास्तर, पँट सांगितली अन् चड्डी शिवून दिली की हो तुमी!"

नागसेनने त्याला डोळ्यांनी दटावलं. बन्सीधरने सायकलीभोवती एक चक्कर मारली, बायकोच्या गुडघ्याकडे पाहिलं, हँडलकडे पाहिलं, आणि दाराजवळच्या बाकावर जाऊन बसला. शिवकन्या उतरून त्याच्याजवळ गेली.

"होतं एखांद्या टायमाला," ती म्हणाली.

"न्हाई होत," तो म्हणाला. गळ्यातली टेप काढून तो बोटांभोवती गुंडाळत होता, सोडत होता, परत गुंडाळत होता. "दोन-चार सूत गेलं असतं तर मी म्हणलं असतं, होतं. हे किती गेलं बग की. डोळेच गेलेत माझे. सुईत दोरा जाईना झालाय कधीचा, तुला सांगितलं न्हाई उगं. घरच्या माणसाचं माप मला घेता येईना, तर गावाच्या कापडाला हात कशाला लावायचा?" आणि मग अगदी साध्या आवाजात, बाजारातून मीठ आणायचं राहिलं असं सांगावं तसा, तो म्हणाला, "दुकान बंद करावं आता. त्या खोलीत तू तुझं औषधाचं सामान ठेव."

शिवकन्या या माणसाला ओळखत होती. रागाने बोललेलं तो संध्याकाळपर्यंत विसरायचा, पण असं सावकाश बोललेलं तो करायचाच. घरी जाऊन तो मशीनवर कापड टाकेल, टेप खुंटीला लावेल आणि ओसरीवर बसून राहील. डोळे काही गेलेले नव्हते त्याचे. माप चुकलं नव्हतं. सांगायला एकच वाक्य लागत होतं, आणि तेच अवघड होतं. त्याचा हात वाचवायचा तर त्याची उंची सगळ्यांपुढे काढायची. तीही भर दुकानात, त्या दात काढणाऱ्या माणसासमोर. बाहेर नेऊन सांगावं का? पण बाहेर नेऊन कुजबुजून सांगितलेलं त्याला खरं वाटलं नसतं. ही आपली समजूत काढायलीय असंच त्याने धरलं असतं.

"माप चुकलं न्हाई," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा आला. नागसेनने वळून पाहिलं. "तुमचं माप बराबर होतं. मीच वाकली होते."

"आँ?"

"गुडघ्यात वाकली होते मी. माप घेताना."

"कामून?"

"तुमचा हात पुरना म्हणून."

ट्यूबवाला गिऱ्हाईक या वेळी हसला नाही. बन्सीधर तिच्याकडे वर बघत राहिला. तो बसलेला, ती उभी. अशी ती त्याच्यासमोर एरवी कधी उभी राहत नसे, चटकन खाली टेकायची. आता टेकली नाही. 

"तुमच्या मायनं सांगितलं होतं लग्नात," ती म्हणाली. "तवापासून सवयच लागली. मुद्दाम न्हाई करत हो मी. आपोआप होतंय."

"मायनं सांगितलं ते मला ठाव हाय," बन्सीधर म्हणाला. "मी का बहिरा होतो? समोरच उभा होतो की, दोन पाटावर." टेप हातातच राहिली. "लोकांत वाकतीस ते बी ठाव होतं. रस्त्यानं खाली उतरून चालतीस, दिसत न्हाई का मला? मी म्हणलं, जाऊ दे, बाई माझी लाज राखायलीय, तिला बोलून कशाला हलकं करायचं. पण घरात? शटर लावून? माझ्यापाशी बी वाकतीस व्हय गं तू?"

तिला वाटत होतं, उंचीचा विषय काढलेला त्याच्या मनाला लागेल. त्याला लागलं ते भलतंच. घरात, चुलीपाशी, मशीनपाशी, त्या दोघांपलीकडे कुणी नसताना आपली बायको आपल्यासमोर सरळ उभी असते, असं हा माणूस इतकी वर्षं धरून चालला होता. ब्लाउज असो की सलवार, तो जुन्या कपड्यावरून माप घ्यायचा; टेप तिच्या अंगाला लावायची कधी वेळच आली नव्हती. शिवकन्येचे डोळे भरून आले आणि तिने ते ओढणीने पुसलेही नाहीत.

"चुकलंच माझं," ती म्हणाली.

बन्सीधर उठला. त्याने टेप झटकून सरळ केली आणि दुकानात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात नागसेनला विचारलं, "स्टूल हाय का, भाऊ?"

नागसेनला आधी कळलं नाही. "बसायला? खुर्ची देतो की मास्तर."

"बसायला न्हाई. चढायला. बायको उंच हाय माझी, हात पुरत न्हाई."

नागसेनने आतून लोखंडी स्टूल आणलं. भिंतीपाशी टांगलेल्या टायरांची रांग बाजूला सारून जागा केली. शिवकन्येने चपला काढल्या आणि भिंतीला पाठ लावली. बन्सीधर स्टूलवर चढला. स्टूल जरा डुगडुगलं तसा तो गिऱ्हाईकच पुढे आला आणि त्याने स्टूलचा पाय धरला.

"ताठ," बन्सीधर म्हणाला.

तिने खांदे मागे घेतले.

"अजून."

गुडघे मागे गेले. पाठीत कुठेतरी कट्कन वाजलं. मान वर आली आणि तिला दुकानाच्या पत्र्याखालची कोळिष्टकं दिसली, रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी दिसली, आणि वरून खाली बघणारा आपला नवरा दिसला. असा वरून तो तिच्याकडे याआधी एकदाच बघत होता, लग्नात, दोन पाटांवर उभा राहून, हे तिला चांगलं आठवत होतं. तेव्हाही त्याच्या कपाळावर असाच घाम होता.

त्याने नागसेनकडची लाकडी पट्टी सपाट ठेवली आणि खूण केली. खाली उतरून, ओढणीआडून, नागसेनने दिलेल्या जाड पुठ्ठ्याच्या वहीने पायाचंही माप घेतलं. आकडा वाचताना त्याने टेप डोळ्यांपासून लांब धरली नाही की जवळ आणली नाही. एकदा वाचला आणि सांगितला.

"आता बराबर," नागसेन म्हणाला. "पण ताई, एक सांगतो. एवढी मोठी फ्रेम लेडीजमधी येत न्हाई. आडव्या नळीची घ्यावी लागंल. जेंट्स."

शिवकन्येने नवऱ्याकडे पाहिलं. आडव्या नळीच्या सायकलीवर टांग टाकून जाणारी आशाताई, म्हणजे ताडकळसला महिनाभर पुरेल एवढा विषय.

"आडवी तर आडवी," बन्सीधर म्हणाला. "तिच्या सलवारी मी शिवतो. जरा घेर कमी करीन."

नागसेनने कोपऱ्यातली एक राखाडी सायकल काढली. मोरपंखी नव्हती, घंटीही साधीच. शिवकन्या नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभी राहिली, दोन्ही टाचा जमिनीला पूर्ण टेकलेल्या. नळी आणि तिच्यामधे दोन-तीन बोटं जागा राहते का ते तिनेच पाहून सांगितलं, राहत होती. मग ती सीटवर बसली. पायडल खाली गेलं तेव्हा पाय जवळजवळ सरळ झाला, गुडघा नुसता जरासा दुमडला. हात पुढे केले तर हँडल तिथंच होतं, जिथं ते असायला हवं. कोपर पोटाला लागलं नाही, गुडघा कशालाच लागला नाही. लग्नाआधी बापाच्या सायकलवर ती अशी बसली होती, त्यानंतर आजच.

"कसं वाटायलंय?" नागसेनने विचारलं.

"मोकळं," ती म्हणाली.

दुपारी एका ओळखीच्या टेम्पोत सायकल टाकून दोघं ताडकळसला उतरली. बाजाराचा दिवस होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाजीवाल्या, शेंगदाण्याचे ढीग, मेंढरं विकायला आणलेली माणसं, आणि एवढ्या गर्दीत कुसुमबाई नसेल असं कसं होईल? तिने लांबूनच बघितलं आणि ओरडली, "काय बाई, सायकल घेतली का शिडी?"

"तुज्या घराचं छत बगायला घेतली!" शिवकन्या म्हणाली, आणि आजूबाजूच्या बायका खो खो हसल्या.

बाजार संपला तिथून घरापर्यंतचा रस्ता मोकळा होता. शिवकन्या सायकल हातात धरून चालत होती आणि सवयीने डांबराच्या कडेला, खाली मातीत, उतरायला लागली. तिचा एक पाय खाली पडलाही. तेवढ्यात बन्सीधर तिच्या आणि मातीच्या मधे आला, स्वतः खाली उतरला आणि चालू लागला. त्या उतारात तो आणखीच बुटका दिसत होता.

"अवं, वरून चला की," ती म्हणाली.

"बस तू सायकलवर. मी येतो मागून."

"लोक बगायलेत."

"बगू दे."

ती थांबली. तिने टांग टाकली. पहिल्या दोन-तीन पायडलांना सायकल डगमगली, मग सरळ झाली. वारा कानांत शिरला. पण समोरून मोटारसायकलवर कुणी ओळखीचं येताना दिसलं आणि तिचे खांदे, त्या बिचाऱ्या खांद्यांचा काय दोष, परत आत यायला लागले.

मागून, मातीतून चालत येणाऱ्या बन्सीधर मास्तरचा आवाज अख्ख्या रस्त्याला ऐकू गेला.

"अगं, ताठ बस! माझं माप बिघडंल!"